विश्लेषण : ऊर्जा-पर्यावरणाची पदव्युत्तर पदवी किकवीच्या कामी कशी येईल?

‘शाश्वत ऊर्जा’, ‘पर्यावरण व्यवस्थापन’, ‘सस्टेनॅबिलिटी’ अशा नावांचे पदव्युत्तर अभ्यासक्रम आता पुण्यात, मुंबईत आणि परदेशात सहज दिसतात. भोर तालुक्यातील किकवीसारख्या गावातल्या पदवीधरालाही मोबाइलवर त्यांच्या जाहिराती येतात. ही पदवी घेऊन शहरात नोकरी मिळू शकते. पण ज्या तालुक्यातून पाणी आणि वीज बाहेर जाते, त्या तालुक्याला या शिक्षणाचा उपयोग का होत नाही आणि तो कसा होऊ शकेल, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

किकवीचा संबंध काय?

किकवी पुण्यापासून ५० किलोमीटरच्या आत, सातारा महामार्गावर आहे. दक्षिणेला सारोळ्याजवळ नीरा नदी ओलांडली की सातारा जिल्हा लागतो आणि शिरवळचा औद्योगिक पट्टा सुरू होतो. जवळच धांगवडीला राजगड ज्ञानपीठाचे अभियांत्रिकी संकुल आहे, तर भोरमध्ये त्याच संस्थेचे अनंतराव थोपटे महाविद्यालय. म्हणजे विज्ञान किंवा अभियांत्रिकीची पदवी घेतलेली मुले-मुली या पट्ट्यात कमी नाहीत.

याच तालुक्यात भाटघरचे धरण आहे. १९२८ मध्ये पूर्ण झालेल्या या लॉईड धरणाच्या जलाशयाला आज येसाजी कंक यांचे नाव आहे. त्याची क्षमता २३ टीएमसीहून अधिक आहे. जोडीला नीरा देवघर धरण. या खोऱ्यातले पाणी नीरेच्या डाव्या कालव्याने पुरंदर, बारामती, इंदापूरकडे आणि उजव्या कालव्याने खंडाळा, फलटण, माळशिरसकडे जाते. भाटघरच्या पायथ्याला १६ मेगावॉटचे जलविद्युत केंद्र आहे. शेजारच्या वेल्हे तालुक्यातील (ज्याला २०२४ मध्ये राजगड हे नाव देण्याचा निर्णय झाला) पानशेत आणि वरसगाव ही धरणे पुणे शहराची तहान भागवतात. भोर-वेल्ह्याने इतरांच्या ऊर्जेचा आणि पाण्याचा प्रश्न गेली कित्येक दशके सोडवला आहे. स्वतःच्या ऊर्जेचा आणि पाण्याचा एकत्र हिशेब मात्र या तालुक्यांत कोणी मांडत नाही.

या पदवीत नेमके काय शिकवतात?

नावे वेगवेगळी असली तरी गाभा साधारण एकच असतो. सौर, पवन, जैवभार यांचे तंत्र; ऊर्जा लेखापरीक्षण, म्हणजे कुठे किती ऊर्जा लागते आणि कुठे वाया जाते याची मोजणी; पर्यावरणीय परिणामांचे मूल्यमापन; पाणी, हवा आणि कचऱ्याचे व्यवस्थापन; कायदे; अर्थशास्त्र; आणि अलीकडे कार्बनचा हिशेब.

राज्यात या शिक्षणाची परंपरा नवी नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात पर्यावरणशास्त्राचा विभाग आहे. पुणे-सातारा रस्त्यालगत धनकवडीला भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षण व संशोधन संस्था १९९३ पासून काम करते. आयआयटी मुंबईत ऊर्जा विज्ञान व अभियांत्रिकी आणि पर्यावरण विज्ञान व अभियांत्रिकी असे दोन स्वतंत्र विभाग आहेत. व्यवस्थापनाच्या अंगाने जायचे तर ऊर्जा आणि पर्यावरण यांवर भर देणारे एमबीएही पुण्यात आहे.

नोकऱ्या कुठे आहेत?

या क्षेत्रात नोकऱ्या मुख्यतः कायद्यातून निर्माण होतात. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा. त्यानुसार मोठ्या ऊर्जाग्राहक उद्योगांना ऊर्जा व्यवस्थापक नेमावा लागतो आणि मान्यताप्राप्त लेखापरीक्षकाकडून तपासणी करून घ्यावी लागते. केंद्राचा ऊर्जा कार्यक्षमता विभाग, म्हणजे ‘बीईई’, त्यासाठी राष्ट्रीय परीक्षा घेतो. व्यवस्थापकासाठी तीन पेपर, लेखापरीक्षकासाठी चार. पदवीबरोबर अनुभवाचीही अट असते.

पर्यावरणाच्या बाजूला २००६ ची पर्यावरणीय परिणाम मूल्यमापन अधिसूचना आहे, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमतिपत्रे आहेत आणि संमती घेतलेल्या उद्योगांनी दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत द्यायचे पर्यावरण विवरणपत्र आहे. ‘सेबी’ने २०२२-२३ पासून आघाडीच्या एक हजार सूचीबद्ध कंपन्यांना शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला. युरोपीय संघाने पोलाद, सिमेंट, अ‍ॅल्युमिनियम यांसारख्या आयात मालावर कार्बनची किंमत लावण्याची पद्धत ऑक्टोबर २०२३ मध्ये नोंदणीपुरती सुरू केली आणि जानेवारी २०२६ पासून ती प्रत्यक्ष आकारणीच्या टप्प्यात आली. तिच्यात पोलादी नटबोल्टसुद्धा येतात. त्यामुळे युरोपला असा माल पाठवणाऱ्या छोट्या कारखान्यालाही ‘एका किलोमागे किती कार्बन’ हे सांगावे लागणार आहे. हा हिशेब करणारे हात कमी आहेत. किकवीच्या पदवीधराला पुण्यात किंवा नदीपलीकडच्या औद्योगिक पट्ट्यात संधी आहे, ती इथे.

मग अडचण काय?

अडचण अशी की यातले जवळजवळ प्रत्येक काम कंपनीसाठी आहे. विद्यार्थी अहवाल लिहायला शिकतो. तो कंपनीला, नियामकाला किंवा गुंतवणूकदाराला जातो. गावासाठी, तालुक्यासाठी तेच ज्ञान वापरायला कोणी सांगत नाही. शेवटच्या वर्षाचा प्रकल्पही बहुतेकदा संगणकावरचे प्रारूप असतो, किंवा एखाद्या कार्यालयाच्या छतावर किती सौर पॅनेल बसतील याचे गणित. गुण मिळतात, प्रत ग्रंथालयात जाते आणि विषय संपतो.

त्याच वेळी गावात निर्णय होतच असतात. कृषिपंपाचेच पाहू. २०२४ मध्ये राज्याने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज जाहीर केली. त्याच वर्षी ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजना आली. शेतकऱ्याने दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच टक्के. दिवसा पाणी देता येते, रात्री मळ्यात जावे लागत नाही. ही सोय मोठी आहे. पण दोन्ही योजनांत एक गोष्ट समान आहे : पंप जास्त चालला तरी शेतकऱ्याचे बिल वाढत नाही. मग विहिरीच्या पातळीवर लक्ष कोण ठेवणार? ऊर्जा खाते पंप मोजते, भूजल खाते निरीक्षण विहीर पाहते. दोन्ही एकाच कागदावर आणणे हेच या पदवीचे काम आहे, आणि तेच घडत नाही.

दुसरे उदाहरण पश्चिम घाटाचे. केंद्राने ३१ जुलै २०२४ रोजी पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्राचा नवा मसुदा काढला. महाराष्ट्रातील १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र त्यात आहे आणि भोर, वेल्हे तालुक्यांतली गावेही आहेत. खाणकाम, नवे औष्णिक वीज प्रकल्प आणि ‘लाल’ वर्गातले उद्योग यांवर मसुद्यात बंदी सुचवली आहे. हरकतीसाठी मुदत ६० दिवस. घर बांधता येईल का, भातखाचर दुरुस्त करता येईल का, लहान जलविद्युत चालेल का, हे प्रश्न गावाला तेव्हाच पडतात. मसुदा वाचून ग्रामसभेत मराठीत समजावणारा प्रशिक्षित माणूस जवळ नसला, की अफवा आणि पुढारी दोघांनाही रान मोकळे मिळते. २०१४ पासून मसुदे निघत आहेत आणि प्रत्येक वेळी विरोधाचे स्वरूप तेच राहिले, याचे एक कारण हे आहे.

फलटणमध्ये काय घडले?

तालुका हे अभ्यासाचे एकक मानण्याचा विचार महाराष्ट्रातच झालेला आहे. तोही जिथे नीरेच्या उजव्या कालव्याचे पाणी पोचते, त्या फलटणला. अनिल राजवंशी यांनी आयआयटी कानपूरनंतर अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठातून पीएचडी केली आणि १९८१ मध्ये ते फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत आले. तिथे त्यांनी सुधारित कंदील, जैवभारावरचे गॅसिफायर, इथेनॉल, विजेवरची रिक्षा अशा गोष्टींवर काम केले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

त्यांचा इथे महत्त्वाचा ठरणारा विचार वेगळा आहे. तालुक्यातील शेतीचा पालापाचोळा, पाचट, उरलेले अवशेष आणि तालुक्याची विजेची गरज यांचा एकत्र हिशेब करून तालुका ऊर्जेत स्वयंपूर्ण होऊ शकतो, ही मांडणी त्यांनी १९९० च्या दशकात केली. २००२ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकातही तालुका हेच शाश्वत विकासाचे योग्य एकक आहे, असे त्यांनी लिहिले. जिल्हा फार मोठा पडतो आणि एकटे गाव फार लहान. तालुक्याच्या पातळीवर मात्र पंचायत समिती, तहसील, कृषी कार्यालय, वीज उपविभाग आणि बाजारपेठ सगळे एकत्र सापडते.

ही कल्पना सर्वत्र रुजली नाही. जैवभार गोळा करणे महाग पडते, त्याच्या किमती वाढतात आणि आता सौर वीज स्वस्त झाली आहे. पण हिशेबाची रीत जुनी झालेली नाही. उलट गेल्या वीस वर्षांत वीज मीटरपासून उपग्रह चित्रांपर्यंत आकडे मिळवणे सोपे झाले आहे.

भोर-वेल्ह्यात अभ्यासण्यासारखे काय आहे?

भरपूर. या तालुक्यांचा पश्चिम भाग भाताचा. उन्हाळ्यात तरवे भाजायचे, म्हणजे रोपवाटिकेच्या जागेवर शेण, फांद्या आणि पालापाचोळा पसरून जाळायचा, ही जुनी पद्धत. त्याने तण मरते, जमीन भुसभुशीत होते, राख मिळते. पण झाडे छाटली जातात आणि खत व्हायचे ते शेण धुरात जाते. दुसऱ्या बाजूला, एक टन भात भरडला की सुमारे २०० किलो तूस निघतो. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भात पद्धतीत याच तुसाची काळी राख रोपवाटिकेत मिसळायला सांगितली आहे. जोडीला गिरिपुष्पाचा पाला. म्हणजे गिरणीतला तूस आधी उष्णतेसाठी वापरायचा आणि राख तरव्याला द्यायची, असे एक चक्र शक्य आहे. ते या तालुक्यात परवडते का? तूस किती, कुठे, कोणत्या महिन्यात? गिरणीवाला तो आज कोणाला विकतो? हा दोन वर्षांच्या पदवीला शोभेल असा प्रबंध आहे.

महामार्गालगतच्या पूर्व पट्ट्यात पाऊस कमी आणि प्रश्न वेगळे. ढाबे, गॅरेज, गोदामे, वाढती घरे. सांडपाणी कुठे जाते, कचरा कोण उचलतो, ओढा नीरेला काय घेऊन जातो? ग्रामपंचायतीचे वीजबिल हाही विषय छोटा नाही. समजा एखाद्या गावात १०० पथदिवे आहेत आणि प्रत्येकी २० वॅट वाचले. रोज १२ तास दिवे लागले, तर दिवसाला २४ आणि वर्षाला ८,७६० युनिट वाचतात. नळपाणी योजनेच्या पंपात याहून मोठी बचत दडलेली असू शकते. कारण चुकीच्या क्षमतेचा पंप वर्षानुवर्षे तसाच चालतो. हे शोधायला लागते ते मोजायचे साधन, जुनी बिले आणि आठवडाभर गावात थांबण्याची तयारी.

प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असावी, असे २००२ चा जैवविविधता कायदा आणि त्याचे नियम सांगतात. ‘माझी वसुंधरा’ अभियान २०२० पासून ग्रामपंचायतींना गुण देते. या दोन्हींसाठी माहिती लागते आणि ती भरायचे काम अखेर ग्रामसेवकाच्या टेबलावर येते.

नव्या अभ्यासक्रमात यासाठी जागा आहे का?

आहे, आणि हीच आज सर्वांत उपयोगी गोष्ट आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्याने २०२३ मध्ये ठरवलेल्या आराखड्यात दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी ८८ क्रेडिटची आहे. त्यात पहिल्या वर्षी ४ क्रेडिटचे प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण किंवा क्षेत्रीय प्रकल्प, तर दुसऱ्या वर्षी १० क्रेडिटचा संशोधन प्रकल्प आहे. एकूण १४ क्रेडिट. चार क्रेडिटचे काम १२० तासांच्या आसपास जाते. ही जागा कंपनीच्या इंटर्नशिपने भरायची की तालुक्याच्या कामाने, हे विभाग ठरवू शकतो.

सरकारी यंत्रणेशी जोडणारी वाटही तयार आहे. आयआयटी मुंबईच्या ‘सितारा’ केंद्रात तंत्रज्ञान आणि विकास या विषयाच्या एमटेकचे विद्यार्थी काही आठवडे गावात राहून काम करतात. त्याच अनुभवातून जानेवारी २०१६ मध्ये राज्याने उन्नत महाराष्ट्र अभियान सुरू केले. अभियांत्रिकी महाविद्यालयांनी जिल्ह्यातल्या खात्यांसाठी पाणी, ऊर्जा, वाहतूक अशा विषयांवर अभ्यास करावेत, असा त्याचा हेतू. धांगवडीचे संकुल, भोरचे महाविद्यालय आणि पुण्यातला एखादा पदव्युत्तर विभाग यांनी मिळून ‘भोर तालुक्याचा ऊर्जा-पाणी ताळेबंद’ हाती घेतला, तर नवा कायदा लागणार नाही.

आक्षेप कोणते?

पहिला : विद्यार्थी कर्ज काढून शिकतो, त्याला नोकरी हवी, गावचे काम करून पोट भरत नाही. हा आक्षेप रास्त आहे. पण ज्याने नळयोजनेचा पंप मोजला, बिलांतून चूक शोधली आणि ग्रामसभेत आकडे समजावले, तो मुलाखतीत कमी पडत नाही. कारखान्यातले ऊर्जा लेखापरीक्षण यापेक्षा वेगळे नसते. फक्त मोटारी मोठ्या असतात.

दुसरा : विद्यार्थ्यांकडून फुकट काम करून घेतले जाईल. ही भीती खरी आहे. म्हणून प्रवास आणि राहण्याचा खर्च विभागाने, पंचायत समितीने किंवा परिसरातील उद्योगांच्या सामाजिक निधीतून द्यायला हवा. ग्रामसेवकाचे अर्ज भरण्यासाठी विद्यार्थी वापरले गेले, तर प्रयोग पहिल्याच वर्षी बदनाम होईल.

तिसरा : १२० तासांत तालुका समजत नाही. बरोबर. म्हणून एका तुकडीने एक गाव किंवा एक वीजवाहिनी घ्यावी आणि पुढच्या तुकडीने तिथूनच पुढे जावे. आज प्रत्येक प्रबंध शून्यापासून सुरू होतो. पाच वर्षे एकाच तालुक्यात काम झाले, तर जो दस्तऐवज तयार होईल तो आज कोणत्याही कार्यालयात नाही.

चौथा आक्षेप आकड्यांचा : खाती माहिती देत नाहीत. इथे जिल्हा प्रशासनाने पुढाकार घ्यावा लागेल. विद्यापीठ, महावितरण आणि पंचायत समिती यांच्यात करार झाला, तर दर विद्यार्थ्याला स्वतंत्र अर्ज घेऊन फिरावे लागणार नाही.

प्रवेश घेणाऱ्याने काय पाहावे?

नावावर जाऊ नये. ‘सस्टेनॅबिलिटी’ शब्द शीर्षकात असलेला प्रत्येक अभ्यासक्रम ऊर्जा मोजायला शिकवतोच असे नाही. प्रयोगशाळा आहे का, क्षेत्रीय काम किती आठवड्यांचे, मागच्या तुकड्यांचे प्रबंध कोणत्या विषयांवर, आणि ते वाचायला मिळतात का, हे चार प्रश्न शुल्काआधी विचारावेत. ‘बीईई’च्या परीक्षेसाठी आपली पदवी आणि अनुभव चालतो का, हेही आधीच तपासावे, विज्ञान आणि अभियांत्रिकी पदवीधरांसाठी अटी सारख्या नाहीत.

परदेशी जायचे असेल तर घाई नको. जर्मनीत ओल्डेनबर्ग विद्यापीठात अक्षय ऊर्जेचा पदव्युत्तर अभ्यासक्रम १९८७ पासून चालतो आणि विकसनशील देशांतील विद्यार्थी तिथे येत राहिले आहेत. अशा विकासविषयक अभ्यासक्रमांसाठी जर्मनीची ‘डाड’ ही संस्था शिष्यवृत्ती देते, पण त्यासाठी पदवीनंतर किमान दोन वर्षांचा अनुभव मागते. राज्य सरकारच्याही परदेशी शिक्षणासाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीसारख्या आणि ‘सारथी’सारख्या संस्थांच्या योजना आहेत. ती दोन वर्षे शिरवळच्या कारखान्यात किंवा सौर पॅनेल बसवणाऱ्या कंपनीत काढली, तर कर्जाचे ओझे आणि विषयाची अस्पष्टता दोन्ही कमी होतात.

काय बदलायला हवे?

एकच नियम पुरेसा आहे. ऊर्जा आणि पर्यावरण या विषयांच्या प्रत्येक पदव्युत्तर प्रकल्पाचा दहा पानांचा मराठी सारांश ज्या गावात काम झाले तिथल्या ग्रामसभेत मांडला जावा आणि ग्रामपंचायतीच्या दप्तरात राहावा. तो झाल्याशिवाय प्रकल्पाचे गुण देऊ नयेत. यात खर्च जवळजवळ नाही. पण गावापुढे उभे राहायचे आहे हे माहीत असले, की आकडे उसने घेता येत नाहीत आणि विषय निवडताना गावाला विचारावे लागते.

भाटघरचे पाणी किती, कधी आणि कोणत्या कालव्याने जाते, याचा हिशेब जवळपास शंभर वर्षे काटेकोर ठेवला गेला आहे, कारण खालच्या तालुक्यांना त्याची गरज होती. तसाच हिशेब भोर-वेल्ह्याच्या स्वतःच्या विजेचा, विहिरींचा आणि जळणाचा ठेवायचा असेल, तर तो करू शकणारी मुले-मुली किकवीतून रोज एसटीने पुण्याला जातात. त्यांच्या प्रबंधाचा विषय त्यांच्याच तालुक्यात ठेवण्याचा निर्णय विद्यापीठांच्या हातात आहे.